घाट बसला की खचला?

सेटलमेंट आणि सबसिडन्स हे दोन इंग्रजी शब्द एकाच दिशेची हालचाल सांगतात: जमीन किंवा तिच्यावरचे बांधकाम खाली जाणे. बातम्यांच्या इंग्रजीत ते सर्रास एकमेकांच्या जागी येतात. पायाच्या तंत्रात मात्र त्यांची फारकत पक्की आहे. बांधकामाच्या भाराने खालची माती दबली आणि बांधकाम खाली गेले, तर ते सेटलमेंट. भाराचा संबंध नसताना खालची जमीनच आधार सोडून खाली गेली, तर ते सबसिडन्स. पहिल्यात दोष वरच्याचा, दुसऱ्यात खालच्याचा. म्हणून या दोहोंतला एक शब्द उच्चारला की खाली जाण्याच्या नोंदीबरोबर त्याचे कारणही सांगून होते, आणि ते तपासलेले असतेच असे नाही.

काशीच्या शिंदे घाटावर हीच अडचण आहे. मणिकर्णिकेच्या उत्तरेला लागून असलेला हा घाट बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधवला. बायजाबाई म्हणजे कागलच्या सखाराम घाटग्यांच्या कन्या आणि दौलतराव शिंद्यांच्या पत्नी. १८२७ मध्ये दौलतराव वारल्यावर १८३३ पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार त्यांच्या हाती होता. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडपही त्यांनीच १८२८ मध्ये उभारला. त्यांचा घाट मात्र टिकला नाही, खाली गेला. घाटाच्या दक्षिण टोकाला, मणिकर्णिकेच्या शेजारी, रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आहे. ते सुमारे ९ अंश कललेले आहे आणि त्याचा गाभारा वर्षातला बराच काळ पाण्यात व गाळात असतो. प्रवासी पुस्तके या साऱ्याचे कारण एका ओळीत उरकतात: घाट इतका जड होता की स्वतःच्याच भाराने खाली गेला.

त्या ओळीवर दोन मते संभवतात. एक पायाची कामे करणाऱ्या स्थापत्य अभियंत्याचे, दुसरे तांत्रिक अहवालांची भाषांतरे करणाऱ्या बाईंचे. पुढे ती दोन्ही त्यांच्याच तोंडून येतात.

अभियंता: त्या ओळीत मला तरी खोट दिसत नाही. स्वतःचा भार म्हटले की सेटलमेंट आलेच. काशीचे घाट चुनारच्या दगडाचे. घनमीटरभर दगड दोन टनांहून जास्त भरतो. नदीकाठच्या गाळावर असे थर चढवत गेलात, वर बुरूज उभे केलेत, तर खालची माती दबणारच. माती म्हणजे कण आणि कणांमधल्या फटी. भार आला की फटी आवळतात. वाळूत हे काम बांधकाम चालू असतानाच उरकते. चिकणमातीत फटींतले पाणी निघायला वाट सापडत नाही, म्हणून वर्षे लागतात, कधी दशके. कार्ल तेर्झागींनी याचे गणित १९२५ मध्ये मांडले, म्हणजे हा घाट बांधल्यावर जवळजवळ शंभर वर्षांनी.

भाषांतरकार: गणित नंतर आले, पण गोष्ट आपल्या गवंड्यांना ठाऊक होती. जोत्यात मुरूम भरला की पाणी मारायचे, दबाई करायची, आणि घाई नसेल तर एक पावसाळा भराव बसू द्यायचा. ‘भराव बसला’ यात तुमचे सेटलमेंट पुरते आले. आणि ‘रस्ता खचला’, ‘विहीर खचली’ यात सबसिडन्स. बसलेला भराव चांगला, त्यावर भिंत चढवता येते. खचलेल्या जागेवर कोणी भिंत चढवत नाही. माझी अडचण शब्द नसण्याची नाहीच. घाट बसला असे लिहायचे की खचला असे, एवढेच विचारते.

अभियंता: खचला म्हणायला खाली काहीतरी नाहीसे व्हावे लागते. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसला ऑगस्ट २०२२ मध्ये काय झाले? राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले, कारण वस्तीखाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. घर साधे होते, त्याच्या भाराचा काही गुन्हा नव्हता. ते निखळ सबसिडन्स. शिंदे घाटाखाली खाण नाही.

भाषांतरकार: खाण नाही, पण गंगा आहे.

हा मुद्दा पुढे नेण्याआधी शब्दांचा वापर पाहणे गरजेचे आहे, कारण दोन्ही शब्द तंत्राबाहेरही वावरतात. मुळात दोन्ही बसण्याचेच. सेटलमेंट हे सेटल या क्रियापदावरून आले, आणि त्याच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतला आसनवाचक शब्द आहे. सबसिडन्समागे ‘खाली बसणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. एका घरच्या शब्दाला आणि एका पाहुण्या शब्दाला इंग्रजीने वेगवेगळी कामे वाटून दिली, एवढेच. सबसिडन्सचे उच्चारही दोन आहेत. पहिल्या अक्षरावर आघात देऊन सब्सिडन्स आणि दुसऱ्यावर देऊन सब्साय्डन्स. दोन्ही शिष्टमान्य आहेत.

क्रियापदे मात्र नामांइतकी शिस्त पाळत नाहीत. सबसाइड हे क्रियापद ताप, वादळ, राग आणि पूर यांना लागते, म्हणजे मराठीत जिथे उतरणे, शमणे किंवा ओसरणे येते तिथे. पण ताप उतरण्याला कोणी सबसिडन्स म्हणत नाही. ते नाम जवळजवळ जमिनीपुरते राखलेले आहे, हवामानशास्त्रात खाली उतरणाऱ्या हवेला ते वापरतात तेवढा अपवाद. सेटलमेंटचे उलटे आहे. नाम म्हणूनच त्याचे अर्थ भरमसाट आहेत: वसाहत, तडजोड, हिशेबाची पूर्तता, जमीनमहसुलाचा बंदोबस्त. काशीच्या जुन्या इंग्रजी कागदपत्रांत सेटलमेंट दिसले तर बहुधा तो शेवटचा अर्थ असतो. जोनाथन डंकन बनारसचे रेसिडेंट असताना तिथे जमाबंदी बसवली गेली आणि १७९५ मध्ये ती कायमधारा म्हणून पक्की झाली. मराठीतही जमाबंदी ‘बसवतात’ आणि भराव ‘बसतो’, हे ओघाने आले म्हणून नोंदवावे इतकेच.

तंत्रातल्या वापराचा फरक जास्त कामाचा आहे. सेटलमेंट मोजायचे असते. अभियंता त्याला आकडा जोडतो, मर्यादा घालतो. भारतीय मानक आयएस १९०४ मध्ये काँक्रीटच्या सांगाड्याच्या सुट्या पायांना वाळूवर ५० मिलिमीटर आणि मऊ चिकणमातीवर ७५ मिलिमीटर सेटलमेंट चालते. म्हणजे थोडे बसणे गृहीतच धरलेले असते, त्यात नामुष्की नाही. सबसिडन्सला अशी अनुज्ञेय मर्यादा कोणी पायाच्या आराखड्यात लिहीत नाही. ते बाहेरून येणारे संकट समजले जाते.

या फरकाला पैशाचे वजन मिळाले ते ब्रिटनमध्ये. तिथल्या घरविम्यात १९७१ पासून सबसिडन्सचे संरक्षण येऊ लागले, सेटलमेंट मात्र साधारणपणे बाहेर ठेवले गेले. नव्या घराने स्वतःच्या भाराने बसावे, त्याची भरपाई विमा कंपनीने का द्यावी, असा त्यामागचा हिशेब. पाठोपाठ १९७६ चा मोठा दुष्काळ पडला. चिकणमाती सुकून आकसली, झाडांनी उरलेसुरले पाणी ओढले, घरांना तडे गेले आणि दाव्यांचा लोंढा आला. त्या दाव्यांत भांडण तड्यांबद्दल नसायचे. तडे दोन्ही पक्षांना दिसतच होते. भांडण कारणाच्या शब्दाबद्दल असायचे.

अभियंता: म्हणूनच मी शब्द सैल सोडत नाही. आणि रत्नेश्वराच्या कलण्याचे म्हणाल, तर सारखे बसले तर कलत नाही. एक बाजू जास्त बसली की कलते, त्याला आम्ही डिफरन्शियल सेटलमेंट म्हणतो. ९ अंश कल म्हणजे दर मीटर रुंदीला एक कड दुसरीपेक्षा सुमारे १६ सेंटिमीटर खाली. साध्या इमारतीत हे प्रमाण ३०० ला १ झाले की भिंतींना तडे जाऊ लागतात आणि १५० ला १ झाले की सांगाड्याला इजा होते. स्केम्प्टन आणि मॅकडोनाल्ड यांनी १९५६ मध्ये काढलेले ते ठोकताळे. इथे प्रमाण साधारण सहाला एक आहे.

भाषांतरकार: मग देऊळ पडायला हवे होते.

अभियंता: ते ठोकताळे इमारत वाकते तेव्हाचे, एका खांबाखालची जमीन बसते आणि शेजारच्या खांबाखालची नाही तेव्हाचे. हे देऊळ दगडाच्या एका गठ्ठ्यासारखे अख्खेच्या अख्खे फिरले. अंगात वाकले नाही, म्हणून शाबूत राहिले. पिसाचा मनोरा बघा. ११७३ मध्ये पाया घातला, तिसरा मजला होईपर्यंत कलू लागला, १९९० मध्ये बंद केला तेव्हा साडेपाच अंशांवर होता. उत्तरेच्या बाजूची माती थोडी थोडी काढून तो चार अंशांच्या आत आणला आणि २००१ मध्ये लोकांना खुला केला. खालची मऊ चिकणमाती हेच कारण. त्याला कोणी सबसिडन्स म्हणत नाही.

भाषांतरकार: पिसाच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी वर्षाला दहा मीटर चढउतार करणारी नदी नाही. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. सप्टेंबर १९७८ मध्ये पाणी ७३.९०१ मीटरवर गेले होते. उन्हाळ्यात ते कितीतरी खाली असते. आणि घाट कुठे आहेत? नदी काशीपाशी उत्तरेकडे वळते, त्या वळणाच्या बाहेरच्या काठावर. बाहेरच्या काठाला धार लागते, आतल्या काठावर रेती साचते. समोरचे वाळवंट त्याचीच साक्ष देते. धार पायऱ्यांखालची माती ओढून नेत असेल तर आधार गेला, भार तेवढाच राहिला. ब्रिटिश विमेवाल्यानेसुद्धा याला सबसिडन्स म्हटले असते. फुटक्या गटाराने पायाखालची माती वाहून गेली तर ते तसेच म्हणतात.

अभियंता: बाहेरच्या काठाला धार लागते हे खरे. पण तो काठ कंकर मिसळलेल्या कडक चिकणमातीचा आहे. म्हणून तर शहर तिथे उंचावर टिकले, नदीने ते गिळले नाही. त्या काठावर नागपूरकर भोसल्यांचा घाट उभा आहे, अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधवलेली मणिकर्णिका उभी आहे. नदी सगळ्यांना सारखीच. खाली गेला तो एकटा बायजाबाईंचा घाट, आणि तोच सगळ्यांत जड म्हणून सांगितला जातो.

भाषांतरकार: नदी सगळ्यांना सारखी नसते. वळणावर धार एका ठिकाणी जास्त लागते, दुसऱ्या ठिकाणी कमी. आणि शहर ज्या उंच काठावर आहे तो काठ वेगळा, रत्नेश्वर ज्या पायथ्याच्या गाळात आहे ती जागा वेगळी. देऊळ सगळ्या पायऱ्या संपतात तिथे, अगदी पाण्याजवळ बांधले. ते नदीच्या ताब्यातल्या जमिनीवर आहे.

इथपर्यंत दोन्ही मते आपापल्या जागी सुसंगत आहेत आणि एकही दुसऱ्याला हरवत नाही. अभियंत्याकडे भार आहे, बाईंकडे पाणी आहे. निर्णायक ठरू शकेल अशी गोष्ट भलतीकडेच आहे: देऊळ कलले आहे ते कोणत्या दिशेला.

रत्नेश्वर मागच्या बाजूला, वायव्येकडे कललेले आहे. नदी देवळाच्या पूर्वेला आहे. धारेने पुढच्या कडेखालची माती नेली असती तर देऊळ नदीकडे झुकायला हवे होते. ते काठाकडे रेलले आहे. काठ पश्चिमेला आहे, आणि उत्तरेला आहे शिंदे घाट.

अभियंता: हे माझ्या बाजूचे झाले.

भाषांतरकार: कसे? देवळाच्या स्वतःच्या भाराने देऊळ घाटाकडे का रेलेल?

अभियंता: स्वतःच्या नाही, शेजाऱ्याच्या. मऊ मातीत एखाद्या जुन्या इमारतीला खेटून जड इमारत बांधली की तिचा भार सरळ खाली जात नाही, बाजूला पसरत पसरत उतरतो. शेजाऱ्याच्या पायाखालची मातीही दबते, आणि जास्त दबते ती जड इमारतीच्या लगतच्या कडेची. मग जुनी इमारत नव्या इमारतीकडे झुकते. शहरांत हे नेहमी दिसते. घाटाचा भार वायव्येची माती घेऊन बसला, देवळाची ती कड त्याच्याबरोबर गेली.

भाषांतरकार: मग साहेब, शब्द सांगा. घाटाच्या बाजूने पाहिले तर स्वतःच्या भाराने बसला, म्हणजे सेटलमेंट. देवळाच्या बाजूने पाहिले तर त्याच्या भाराचा संबंध नाही, त्याच्या खालची जमीन दुसऱ्याच कोणामुळे खाली गेली. तुमच्याच व्याख्येने ते सबसिडन्स होते.

अभियंता: आम्ही तिथेही सेटलमेंटच म्हणतो. भारामुळे माती दबली ना? मग भार कोणाचा हे मातीला कळत नाही.

भाषांतरकार: मातीला कळत नाही, पण मालकाला कळते. त्या देवळाचा विमा असता तर तुमची सही कशावर झाली असती?

या प्रश्नाने व्याख्येतली एक फट उघडी पडते. पायाचे शास्त्र सेटलमेंटची व्याख्या भारावरून करते, कोणाचाही भार चालतो. विम्याची आणि बोलभाषेची व्याख्या त्याच इमारतीच्या भारावरून होते. एरवी दोन्ही व्याख्या एकाच ठिकाणी पोचतात, कारण एका प्लॉटवर एकच इमारत असते. जिथे दोन बांधकामे अंगाला अंग लावून उभी आहेत, तिथे एकाच हालचालीला एका बाजूने एक शब्द लागतो आणि दुसऱ्या बाजूने दुसरा. घाटांच्या शहरात हे अपवादात्मक म्हणता येत नाही. तिथे मैलोन्‌मैल सगळेच कोणाला तरी खेटून आहे.

दोन्ही शब्द एकाच वेळी खरे ठरण्याचे मोठे उदाहरण मेक्सिको सिटी. तिथले पालासिओ दे बेयास आर्तेस हे संगमरवरी कलाभवन काही मीटर खाली गेलेले आहे. त्यातला एक वाटा त्याच्या स्वतःच्या प्रचंड भाराचा. दुसरा वाटा अख्ख्या शहराच्या खाली जाण्याचा. भूजल उपसल्याने शहराखालची चिकणमाती आकसते, हे नाबोर कारिय्यो यांनी १९४७ मध्ये दाखवून दिले. तिथे मोजणी असल्यामुळे वाटे वेगळे काढता येतात. उत्तराखंडातल्या जोशीमठमध्ये वाटे वेगळे काढण्याचा प्रश्न आला नाही. जानेवारी २०२३ मध्ये घरांना तडे गेले तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांनी लँड सबसिडन्स लिहिले, हिंदीने भू-धंसाव, मराठीने जमीन खचली. उपग्रहांच्या प्रतिमांवरून २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या १२ दिवसांत ५.४ सेंटिमीटर खाली गेल्याचा निष्कर्ष निघाला होता. पण हे शहर जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसले आहे आणि तिथे जड बांधकामांना आळा घाला, असे मिश्रा समितीने १९७६ मध्येच सांगितले होते. म्हणजे भाराचा मुद्दा तिथेही होता, शब्दाने तो झाकला. उतारावरची माती खाली येते तेव्हा तिसराच शब्द लागतो, लँडस्लिप किंवा लँडस्लाइड. २०१४ मध्ये माळीणला झाले ते हे. त्याला मराठीत दरड कोसळणे म्हणतात आणि त्याबद्दल कोणाचा गोंधळ होत नाही.

अभियंता: तिसरा शब्द काढलात ते बरे केलेत, कारण माझ्या मतातली एक कच्ची बाजू तिथे आहे. माती दबते पण तुटत नाही तोवर सेटलमेंट. भार इतका झाला की माती आतून कातरली जाते आणि बाजूला सटकते, तर ते सेटलमेंट उरत नाही, आम्ही त्याला फेल्युअर म्हणतो. पूर झपाट्याने ओसरतो तेव्हा काठाच्या पोटातले पाणी तेवढ्या झपाट्याने निघत नाही. काठ आतून जड आणि बाहेरून निराधार. अशा वेळी उताराचा एक तुकडा वाटीसारख्या घसरपट्टीवरून खाली सरकतो, आणि सरकताना मागे रेलतो.

भाषांतरकार: मागे म्हणजे काठाकडे?

अभियंता: काठाकडे.

भाषांतरकार: म्हणजे वायव्येचा कल तुमच्या शेजाऱ्यालाही बसतो आणि माझ्या नदीलाही.

अभियंता: बसतो. निवाडा वेळेवरून करता येईल. भाराने होणारे बसणे आधी भराभर होते आणि मग मंदावत जाते. नदीचे काम दर पावसाळ्याला नव्याने सुरू होते.

भाषांतरकार: देवळाविषयी लिहिणारे सांगतात की १८६० च्या दशकातल्या छायाचित्रांत ते कललेले दिसत नाही. तसे असेल तर घाट बांधल्यावर तीस वर्षे देऊळ सरळ होते. भाराने ढळायचे तर तेव्हाच ढळले असते.

अभियंता: वाळू असेल तर तुमचे खरे. चिकणमाती असेल तर तीस वर्षे फार नव्हेत. आणि छायाचित्र कललेल्याच दिशेने काढले असेल तर कल दिसतच नाही.

देवळाच्या कलण्याला स्थानिक परंपरेत आणखी एक उत्तर आहे. आईचे ऋण फेडण्यासाठी कोणीतरी ते बांधले आणि ऋण फिटले अशी बढाई मारली, म्हणून ते कलले, अशी कथा सांगतात. मातृऋण महादेव हे त्याचे दुसरे नाव तिच्यावरूनच. बांधणारा राजा मानसिंहाचा सेवक होता असे काही म्हणतात, अहिल्याबाईंची रत्नाबाई नावाची दासी होती असे दुसरे. कारण बांधणाऱ्यात शोधणारी असल्याने ही कथा सेटलमेंटच्या पक्षाची आहे, असे थट्टेने म्हणता येईल.

तज्ज्ञ मंडळी अशा वेळी शब्द निवडत नाहीत. ब्रिटनमधले इमारत-पाहणी करणारे सर्व्हेअर कारण ठरेपर्यंत अहवालात मूव्हमेंट एवढेच लिहितात, आणि कललेल्या वास्तूला टिल्ट. दोन्ही शब्द कारणाबद्दल गप्प राहतात. सेटलमेंट लिहायला देवळालगत आणि घाटालगत छिद्रे घेऊन मातीचे थर पाहावे लागतात. सबसिडन्स लिहायला निदान काही पूर येऊन गेलेले पाहावे लागतात, देवळावर कलमापक बसवून पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची नोंद ठेवावी लागते. पावसाळ्यागणिक कल वाढत असेल तर नदी. काटा हलत नसेल तर जुना भार, किंवा जुनीच एखादी घसरण. मराठी मजकुरात तोवर घाट खाली गेला आणि देऊळ कलले, ही दोन क्रियापदे पुरतात. बसला आणि खचला ही थरांचा तक्ता हाती आल्यावर वापरायची.